चामड्याचा गळपट्टा

माणसाची संस्कृती त्याच्या गळ्यावरून ओळखावी. डोक्यावर काय राहतं ते वारा ठरवतो आणि पायात काय टिकतं ते रस्ता. गळ्याभोवती मात्र माणूस जे गुंडाळतो ते स्वतःच्या अकलेनं गुंडाळतो, म्हणून त्याचा तेवढाच वीतभर भाग सुसंस्कृत. हे मी अकरा वर्षांपूर्वी एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आज सकाळी पावणेदहा वाजता कावळा नाक्याच्या सिग्नलला मी एका विशीतल्या पोराच्या गळ्याला त्याच्याच फेट्याचा शेमला गुंडाळला आणि त्याचे डोळे पांढरे होईस्तोवर आवळला. गाठ फार सुरेख बसली होती.

दुपारी दोन वाजता मी आरशासमोर बसलो होतो. माझ्याही गळ्यावर वळ उठला होता. डाव्या कानाखाली सुरू होऊन उजव्या कानाखाली संपणारा, मधे कंठावर जरा काळसर. वर्षाराणीनं, म्हणजे बायकोनं, त्यावर हळद आणि तूप लावलं. मग हात पुसत म्हणाली, "दोघं येऊन गेले बुलेटवरनं. तुम्ही आंघोळीला होता."

"काय म्हणाले?"

"वहिनी म्हणाले मला. पाणी मागून घेतलं. म्हणाले, सरांना जोतीराम वस्तादांनी चारला तालमीत बोलावलंय म्हणून सांगा. आपलं आपण आले तर बरंच, न्हायतर आम्ही न्यायला येतो."

"न्यायला?"

"तेच म्हणाले. चांगली पोरं वाटली." तिनं हळदीची वाटी उचलली. "त्या पोराला काही झालं असतं म्हणजे?"

झालं असतं तर, हा विचार मी तिच्या आधी चार तास करत होतो, आणि लाजेची गोष्ट अशी की त्या विचारात घाबरण्याचा भाग फार कमी होता. मार खायची भीती होती. तालमीतली पोरं हत्तीच्या पिलासारखी असतात, अंगावर नुसती रेलली तरी बरगडी जाते. पण त्या भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट पडून होती आणि ती हलत होती. माझ्या तळहातांना तो शेमला अजून आठवत होता. खाली धडपडणारं जिवंत माणूस आणि वर हळूहळू घट्ट होत जाणारं कापड, ह्या दोन्हींच्या मधे आपण असणं. त्रेपन्न वर्षांत मी कुणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. चारला तालमीत दोनच गोष्टी होणं शक्य होतं. एक, ते मला मारतील. दोन, मी पुन्हा तेच करीन आणि मग मी कोण आहे ह्याबद्दल काही शंका राहणार नाही. पहिली जास्त संभवनीय होती. हात दुसरीकडे ओढत होते.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाच्या गळ्याशी माझा संबंध आला तो १८१८ सालामुळे. पेशवाई बुडाली तो तास घ्यायचा होता आणि मी टाचणं काढत होतो. तर त्याच साली लंडनमध्ये छापलेल्या एका चोपड्याची पानं संगणकावर सापडली. गळ्याला कापड बांधायच्या पद्धती, चित्रांसकट, आणि त्यातल्या एका गाठीचं नाव होतं मराठा. मी ते तीनदा वाचलं. इकडे आमची फौज मोडत होती, तोफा नदीत ढकलल्या जात होत्या, आणि तिकडे लंडनचे रिकामटेकडे लोक आमच्या नावाची गाठ गळ्याला मारून मेजवानीला निघाले होते. कापड मानेमागून पुढं आणायचं, पुढं साखळीच्या कड्यांसारखं एकमेकांत अडकवायचं, आणि उरलेली टोकं परत मागं नेऊन तिथं बांधायची. पुढून माणूस अत्यंत शांत दिसतो. जे काय असेल ते मागं.

त्या दिवसापासून मी गळ्यात गेलो. खळ किती दाट हवी, मलमल इस्त्रीनं किती करपते, हनुवटी सावकाश खाली आणून कापडाला घड्या कशा पाडायच्या. म्हणे तिकडचे शौकीन रोज सकाळी डझनभर कापडं चुरगाळून टाकत आणि तेरावं जमलं की बाहेर पडत. मला रविवारी सात लागायची. खळीचं कापड चढवलं की मान वळत नाही, हनुवटी खाली येत नाही, समोरच्याकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. माणूस आपोआप गर्विष्ठ दिसतो. घरात मी दोन तास तसा बसत असे. नातेवाइकांना वर्षाराणी सांगायची, ह्यांना गळ्याचं आहे. लोक आयोडीन सुचवत.

माझा गळा ह्याच्या आधीपासून कामात होता. लिंगायताच्या पोराच्या गळ्यात दोरा असतो आणि दोऱ्याला लिंग. ते जिवापेक्षा जपायचं, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. आमच्या आप्पांनी तो कधी लागूही दिला नाही. बाळाप्पा कापडवाले म्हणून लक्ष्मीपुरीत त्यांना सगळे ओळखत. दुकानात मापायला लोखंडी गज होता, दोन्ही टोकांना पितळ. मी गिऱ्हाइकासमोर थान नीट उलगडलं नाही, किंवा उलगडलं आणि घडी मोडली, की आप्पा डाव्या हातानं माझी कॉलर अशी धरत की दोरा अलगद आत राहायचा, आणि उजव्या हातानं गज. "सुम्म कुंडर," म्हणायचे. गप बस. मी गप्पच असायचो, पण ते म्हणायचे. मारताना त्यांचा आवाज चढत नसे, डोक्यावरच्या पांढऱ्या मलमलीच्या पटक्याची एक घडी हलत नसे. गिऱ्हाईक बाकावर बसून चहा पीत असे. मला गजाची फार आठवण राहिलेली नाही. राहिली ती कॉलरची. श्वास बंद होतो आणि दुकानातल्या सगळ्या कापडांचे रंग एकदम उजळतात, पिवळा तर फारच. अव्वा, म्हणजे आई, आतून म्हणायची, पुरे करा, शेजारी ऐकतील. मग आप्पा सोडायचे आणि माझी कॉलर स्वतःच्या हातानं सारखी करायचे. हा भाग सगळ्यांत वाईट होता. बोटं फार हळुवार होती त्यांची, कापडवाल्याची. आप्पा गेले तेव्हा भावांनी दुकान घेतलं. मी गज घेतला आणि तो पटका घेतला. का घेतला असं कुणी विचारलं नाही, म्हणून मलाही उत्तर शोधावं लागलं नाही.

आज कॉलेजात ट्रॅडिशनल डे होता. पोरी नऊवारीत, पोरं धोतर-फेट्यात, दोघंतिघं छत्रपती आणि एकदोन संत, असं दरवर्षी असतं. प्राध्यापकांनीही पारंपरिक वेशात यावं असं पत्रक निघालं. परंपरा कुणाची ते पत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी काळा लांब कोट काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच गळ्याला कापड बांधून दारातून बाहेर पडलो. मराठा गाठ. कापड आप्पांच्या पटक्याचं, कारण तसली मलमल आता मिळत नाही. ह्या गाठीला चार हात कापड पुष्कळ होतं, पटका होता आठ हात. कापायला कात्री दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. आप्पांचा पटका कापायचा म्हणजे मागून कुणीतरी कॉलर धरील असं वाटलं. मग उरलेली लांबलचक टोकं मागं नेली, बांधली आणि कोटाच्या आत खुपसली. वर्षाराणी दारात उभी होती. "असं जाणार?" म्हणाली. मग म्हणाली, "हेल्मेट तेवढं घाला."

कावळा नाक्याला सिग्नल लाल होता. माझ्या ॲक्टिव्हाच्या उजवीकडे शिरोळकडून आलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भोंगे, आणि भोंग्यांत असं गाणं की छातीचा पिंजरा आतून वाजत होता. डावीकडं जरा मागं एक मोटरसायकल होती. हिरवा लागला, मी गाडी सोडली, आणि कुणीतरी माझा गळा मागून धरला.

ते धरणं मी ओळखलं. चाळीस वर्षांनी ओळखलं. एकाच दमात श्वास बंद झाला आणि उसाचा हिरवा, सिग्नलचा हिरवा, समोरच्या बाईच्या साडीचा पिवळा, सगळं उजळलं. मी गाडीवरून मागे ओढला गेलो, गाडी माझ्यावर आली, कुठंतरी टर्रकन आवाज झाला आणि हवा आत आली. मी वळून बघितलं. खळीच्या कापडानं मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवलं. मागं तो होता. भगवा फेटा, पांढरं धोतर, कपाळाला गंध, मोटरसायकल आडवी टाकलेली, आणि त्याच्या मुठीत आप्पांच्या पटक्याचं टोक. तो तोंड हलवत होता. भोंग्यांत मला काहीच ऐकू आलं नाही. मला ते हसणं वाटलं.

पहिल्यांदा मी हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. त्यानं दोन्ही हात वर केले, मारायला नव्हे, अडवायला. हे मला तेव्हाही दिसलं होतं, हे मी कबूल करतो. त्याच्या फेट्याचा शेमला पुढं आला होता. मी तो धरला, मागं गेलो, त्याच्या पाठीवर गुडघा दिला आणि शेमला मानेमागून पुढं, पुढं कडीत कडी, टोकं मागं. हात भरभर चालले होते आणि डोकं त्यांच्याकडे कौतुकानं बघत होतं. रविवारी सात कापडं लागायची, आज पहिल्याच कापडाला जमलं. घडी सपाट, कड्या सारख्या. पोराचे पाय डांबरावर घासत होते, एक चप्पल निघून गेली होती. त्याचा चेहरा फुगला, कानाच्या पाळ्या जांभळ्या झाल्या. मी आणखी एक वेढा दिला. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ऐकले. सुम्म कुंडर. मग चारपाच लोकांनी मला धरून उचललं, आणि कुणीतरी म्हणालं, "आरं सोड की म्हाताऱ्या, मरंल त्ये." ती गाठ कुणाला सुटेना. एका ऊसतोड बाईनं कोयत्यानं कापली. बाजूला उभा एक रिक्षावाला मला म्हणाला, "पावणं, तालमीचं पोरगं हाय. आता तुमचं काय खरं न्हाय."

तर दुपारी दोनला मी आरशासमोर होतो, आणि सव्वातीनला मी कपाट उघडून पिराजीनं केलेला गळपट्टा बाहेर काढला.

गोऱ्या शिपायांच्या गळ्याला शंभर सव्वाशे वर्षं कडक चामड्याचा पट्टा असे. चार बोटं उंच, मागं बकल. मान ताठ राहावी आणि तलवारीचा वार अडावा म्हणून, असं सांगतात. हिंदुस्थानच्या उन्हात शिपाई पट्ट्यातच गुदमरून कोसळायचे, पण ताठ कोसळायचे. मला तसला एक हवा होता. गेल्या वर्षी मी सुभाष रोडवर चप्पल करणाऱ्या पिराजीकडे चित्र घेऊन गेलो. पिराजी चित्राकडे बघून म्हणाला, "कुत्र्यासाठी का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं माझ्या गळ्याचं माप घेतलं, पायाचं घेतात तसंच, कागदावर पेन्सिल फिरवून. पंधरा दिवसांनी पट्टा तयार झाला. चपलेच्या तळाला घालतात तेच म्हशीचं कातडं, दुहेरी, कडेला चामड्याची वेणी, आणि पुढं मधोमध लाल गोंडा. चित्रात गोंडा नव्हता. मी गळ्यात घालून मान वळवली तर पट्टा कर्र वाजला.

"हे काय?"

"आवाज हाय की," पिराजी म्हणाला. "दोन थरांच्या मधी बिया घातल्यात. अधनंमधनं न्हाय, दर हालचालीला वाजतोय. घ्या."

"पिराजी, हा गळ्यात घालायचाय."

"मग? आवाज न्हाय तर कोल्हापुरी कशाची म्हणायची, सर? गळ्यात असू दे न्हायतर पायात."

मी तो कधीच घातला नव्हता. आज घातला. वळाच्या वर कातडं बसलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण मान ताठ झाली. आता कुणाची बोटं माझ्या गळ्याला लागणार नव्हती. कोटाच्या खाली, कापडी पिशवीत, आप्पांचा गज घेतला. पहिला जो हात पुढं येईल त्याच्या मनगटावर, मग नडगीवर, मग जे दिसेल तिथं. मी ह्याचा क्रम जिन्यावरून उतरताना ठरवत होतो आणि प्रत्येक पायरीला गळा कर्र, कर्र वाजत होता. वर्षाराणी वरून बघत होती. "चालत जा," म्हणाली. मी ॲक्टिव्हा काढली. सकाळपासून ती ओढत नव्हती. मागचं चाक अडकल्यासारखं घासत होतं, करपल्याचा वास येत होता. पडली होती, काहीतरी वाकलं असेल. मंगळवार पेठेपर्यंत आम्ही दोघं आवाज करत गेलो.

तालमीत शिरताना वाकावं लागतं, दार मुद्दाम लहान असतं. पट्ट्यामुळे मला वाकता येईना. गुडघे दुमडून, अंग ताठ ठेवून, कसाबसा आत गेलो. लाल मातीचा हौदा होता. तेलाचा, ताकाचा आणि घामाचा वास. हौद्याच्या कडेनं वीसेक पोरं लंगोटात उभी, छात्या वरखाली होत होत्या. कट्ट्यावर जोतीराम वस्ताद बसले होते, सत्तरी उलटलेले, कान फुलकोबीसारखे. त्यांच्या पायाशी सकाळचा पोरगा, सम्राट. त्याचं नाव मला तिथं कळलं. ओठाला तीन टाके आणि गळ्याला माझ्यासारखाच वळ. माझ्यापेक्षा गडद. मी तो नको तितका वेळ बघितला.

दार मागं लागलं. माझा उजवा हात पिशवीत होता आणि पितळेचं टोक मुठीत आलं होतं. एक पोरगा हौद्यातून पुढं सरकला, मान एका बाजूला टाकून. मी त्याचं मनगट बघून ठेवलं. नीट आठवतंय ते हे, की मला बरं वाटत होतं. अगदी मनापासून. आप्पांना रोज असंच वाटत असणार, मी म्हटलं, आणि त्या माणसाचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला. पोरगा आणखी एक पाऊल पुढं आला. मी त्याच्याकडे वळलो.

कर्र.

बंद दाराआड ते फार मोठ्यानं वाजलं. पोरगा थांबला. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते. मग त्यानं वर बघितलं. वेणी बघितली, गोंडा बघितला, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"वस्ताद," तो हळू म्हणाला, "सरांनी गळ्यात पायताण घातलंय."

सगळी पोरं पुढं झुकली. वस्ताद कट्ट्यावरून उतरले, लुंगी सावरत माझ्यापाशी आले आणि चष्मा लावून माझा गळा वाचल्यासारखा बघू लागले. बोटानं गोंडा हलवला. मी मान मागं घेतली. कर्र.

"कापशीत केलेलं का?" त्यांनी विचारलं.

"सुभाष रोड," मी म्हटलं. "पिराजी."

"व्हय, वेणी त्याचीच हाय." मग पोरांकडे वळले, आणि त्यांचा आवाज जड झाला होता. "बघा रं. चाळीस वर्सं तालीम चालवतोय. हितं आमदाराचा पुतण्या आलाय माफी मागायला, त्यो पेढं घिऊन आल्ता. गळ्यात पायताणाची माळ लोक दुसऱ्याच्या घालत्यात. ह्यो मास्तर आपल्या हातानं, मापानं शिवून, सोताच्या गळ्यात घालून, भर दिवसा पेठंतनं आलाय. ह्येला म्हणत्यात पश्चात्ताप."

मी तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. इंग्रजी पायदळ, अठराशे वीस, तलवारीचा वार. मुठीत गज होता आणि वीस पोरं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जसं वर्गात कुणी कधी बघितलं नाही. मी तोंड मिटलं. पट्टा पुन्हा वाजला आणि एका पोरानं नाक पुसलं.

"सम्राट," वस्ताद म्हणाले. "काढ सरांच्या गळ्यातलं."

तो उठला. माझ्या मागं गेला. त्याची बोटं बकलापाशी आली तेव्हा माझं सगळं अंग लाकूड झालं, गज पिशवीत दोन बोटं वर उचलला गेला होता. पण त्यानं फक्त बकल काढलं. पट्टा सुटला, हवा लागली, आणि मग त्यानं माझी कॉलर, आत दुमडली गेली होती ती, बाहेर काढून सारखी केली. हळूच. मी हौद्याच्या कडेवर बसलो आणि रडलो असं ते लोक सांगतात.

"सर, म्या वढलं नव्हतं तुमचं कापड," सम्राट टाके सांभाळत, तोंडाच्या एका कोपऱ्यानं म्हणाला. "म्या वरडत हुतो."

"राहू दे रं आता," वस्ताद म्हणाले. "मिटलं."

मीही म्हणालो, राहू दे. त्याला माफ केल्यासारखं म्हणालो. पिशवी मी पायाशी ठेवली, ती आडवी झाली आणि गज मातीत घरंगळला. कुणी विचारलं नाही. एकानं तो उचलून पुसला आणि परत पिशवीत घातला. आम्हाला बदाम घातलेलं थंड दूध दिलं, सम्राटला आणि मला, एकाच तांब्यातून दोन पेल्यांत. गिळताना दोघांनाही दुखलं. पट्टा वस्तादांनी ठेवून घेतला. मारुतीच्या फोटोखाली खिळ्याला टांगला, नवीन पोरांना दाखवायला.

बाहेर आलो तर ॲक्टिव्हाचं मागचं चाक हलेना. ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीनं ती आडवी केली, चाक काढलं आणि पक्कडीनं आतलं ओढत बसला. आसाला वेढे घेऊन काळा पडलेला, ग्रीस लागलेला मलमलीचा तुकडा निघाला. उलगडला तेव्हा तीन हात भरला.